ट्रायटायलोडॉन: दातांमुळे सस्तनांत गणला गेलेला प्राणी

1884 साली ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एका कवटीचे वर्णन केले आणि तिला ‘ट्रायटायलोडॉन’ हे नाव दिले. हा प्राणी त्यांनी सस्तनांत घातला. तसे वाटणे साहजिकच होते. पुढे पटाशीचे मोठे दात, सुळे नाहीतच, मग मोकळी जागा आणि मागे दाढांची रांग, म्हणजे थेट उंदीर-सशांची ठेवण. वरच्या दाढांवर उंचवट्यांच्या तीन ओळी, खालच्या दाढांवर दोन. खालचा जबडा मागे ओढला की ओळी एकमेकींच्या खोबणींतून सरकत आणि पाला भरडला जाई.

दात सोडून बाकीचे शरीर मात्र फारसे कोणाच्या हाती आले नव्हते. त्याच्याच कुळातला, चीनच्या युन्नान प्रांतातील लुफेंगचा ‘बियनोथेरियम’ चिनी जीवाश्मशास्त्रज्ञ यांग झोंगजियान यांनी 1940 मध्ये मांडला, तोही सस्तन म्हणूनच. 1947 पर्यंत त्यांचे मत बदलले होते: हे प्राणी सस्तन नव्हेत, सस्तनांसारखे सरीसृप आहेत. खरा निकाल जबड्याच्या सांध्यात होता. सस्तनांत खालच्या जबड्याचे एकच हाड थेट कवटीला टेकते. या प्राण्यांत तो सांधा अजून जुन्या, सरीसृपांसारख्या हाडांचाच होता. तीच हाडे पुढे सस्तनांच्या मध्यकर्णात गेली.

याच कुळातल्या छोट्या ‘ऑलिगोकायफस’ची कथा तर युद्धात अडकलेली. जर्मनीतून इंग्लंडला आलेले जीवाश्म संशोधक वाल्टर क्यूने यांना सॉमरसेटमधल्या विंडसर हिल खाणीत, चुनखडीच्या भेगांत साचलेल्या मातीत, त्याची सुटी हाडे ढिगाने सापडली. महायुद्ध पेटल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांची रवानगी आइल ऑफ मॅन या बेटावरच्या छावणीत झाली. त्यांचा सविस्तर ग्रंथ आला 1956 मध्ये. एकेक हाड जुळवून सांगाडा उभा करणारे हे काम माझ्या मते या कुळाच्या अभ्यासातले सर्वांत चिवट काम आहे.

अलीकडची मोठी भर ॲरिझोनाची. तिथल्या सुमारे साडेअठरा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातल्या, याच कुळातल्या ‘कायेंटाथेरियम’ मादीजवळ किमान 38 पिल्ले आढळली; हे संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या कुठल्याही सस्तनाची सरासरी वेत याच्या निम्मीही नसते. पिल्लांच्या कवट्यांची ठेवण मोठ्यांसारखीच होती, म्हणजे सस्तनांच्या पिल्लांसारखे फुगीर डोके नव्हते. मोठा मेंदू आणि मोजकी पिल्ले हा सौदा पुढे झाला, असा संशोधकांचा तर्क आहे.

हे कुळ सस्तनांच्या सुरुवातीलाच संपले, असे मात्र नाही. जपानमधील कुवाजिमाच्या क्रिटेशस (डायनोसॉरांच्या शेवटच्या) कालखंडातील खडकांत त्यांचे दात सापडले आहेत, तेही खऱ्या सस्तनांच्या जीवाश्मांसोबत.