कुकचं घड्याळ आणि बर्फाची भिंत

पृथ्वी सपाट आहे आणि अंटार्क्टिका म्हणजे तिच्या काठाने उभी असलेली बर्फाची भिंत, असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ पाहिले की मला अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक आठवतो. तो त्या 'भिंती'लगत प्रत्यक्ष जहाज हाकून आला होता, तेही घड्याळ घेऊन.

जुलै १७७२ मध्ये तो 'रेझोल्यूशन' आणि 'अ‍ॅडव्हेंचर' ही जहाजं घेऊन प्लिमथहून निघाला. उत्तरेतल्या जमिनीचा तोल राखायला दक्षिणेत प्रचंड खंड हवाच, ही समज तपासायची होती. सोबत लार्कम केंडलचं घड्याळ होतं, समुद्रावरही अचूक वेळ दाखवणाऱ्या जॉन हॅरिसनच्या घड्याळाची हुबेहूब प्रत.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांत एक अंश. सूर्याची उंची मोजून जहाजावरची वेळ काढायची, घड्याळातली ग्रीनिचची वेळ तिच्याशी ताडायची. फरकातून रेखांश मिळतो. विषुववृत्तावर एका मिनिटाची चूक म्हणजे सुमारे २८ किलोमीटरची चूक. आता खरी अडचण थंडीची. गारठ्यात चक्राची नाजूक स्प्रिंग ताठर होते आणि घड्याळ पुढे पळतं. हॅरिसनने पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. पितळ जास्त आकसतं, त्यामुळे जोडपट्टी वाकते आणि तिच्या टोकाच्या पिना सरकून स्प्रिंगची हलती लांबी वाढवतात. लांब स्प्रिंग सैल पडते, घड्याळ पुन्हा ताळ्यावर येतं. धातूचा दोष धातूनेच निस्तरायची ही युक्ती मला अतिशय सुंदर वाटते.

१७७३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कुक हिंदी महासागराच्या दक्षिणेला, ६० अंशांच्या आसपास, पूर्वेकडे जात होता. त्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ५६ किलोमीटरचा. दिवसभरात २२० किलोमीटर पूर्वेला गेलं, तर स्थानिक वेळ जवळपास १६ मिनिटांनी पुढे जायला हवी. सपाट पृथ्वीवाल्यांच्या, उत्तर ध्रुव मध्यभागी ठेवलेल्या नकाशात हाच अंश २९० किलोमीटरचा होतो. तिथे फरक जेमतेम ३ मिनिटांचा पडेल. गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून जहाजाचा वेग मोजत, शिवाय खगोलज्ञ विल्यम वेल्स चंद्र-ताऱ्यांतल्या अंतरांवरून रेखांश पडताळत असे. पाचपट चूक या माणसांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

३० जानेवारी १७७४ ला कुक ७१ अंश १० मिनिटे दक्षिणेपर्यंत पोहोचला, पुढे बर्फाने वाट अडवली. अंटार्क्टिकाची जमीन त्याला दिसली नाही. पण जुलै १७७५ मध्ये तो दक्षिण महासागराला पूर्ण वळसा घालून इंग्लंडला परतला, आणि समशीतोष्ण समुद्रातला तो कल्पित खंड नकाशावरून पुसला गेला.