मुलाची छाती वाढते तेव्हा: हार्मोनच्या रिपोर्टमागचा इतिहास

आठवी-नववीतला मुलगा एकाएकी शर्टाखाली दोन बनियन घालू लागतो, खांदे पुढे काढून चालतो, सुट्टीत विहिरीवर पोहायला जायचं टाळतो. कारण विचारलं तर सांगत नाही. कधीतरी छातीला कोपर लागतं, तो कळवळतो आणि मग घरात कळतं. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना टेकवून हळूहळू स्तनाग्राकडे आणतात. नुसती चरबी असेल तर बोटांना मध्ये काही अडत नाही. ग्रंथी वाढली असेल तर स्तनाग्राखाली रबरासारखी चकती हाताला लागते. गरज वाटली तर रक्ततपासणी लिहून देतात: टेस्टोस्टेरॉन (पुरुष-हार्मोन), इस्ट्रॅडिओल (स्त्री-हार्मोन), मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची एलएच आणि प्रोलॅक्टिन ही हार्मोन, आणि एरवी गरोदरपणात वाढणारं एचसीजी.

या तपासण्या गेल्या शंभर वर्षांतल्या आहेत. लाज मात्र फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने या अवस्थेला जे ग्रीक नाव दिलं, तेच आजही चालतं: गायनेकोमॅस्टिया. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘स्त्री’, दुसऱ्याचा ‘स्तन’. सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना या शल्यवैद्याने त्यावरची शस्त्रक्रिया लिहून ठेवली. स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा, आतली चरबी काढायची, टाके घालायचे. शस्त्रक्रिया का करायची, याचं त्याने दिलेलं कारण वाचून मला वाईट वाटतं: या व्यंगामुळे माणसाला बायकीपणाचा कलंक लागतो, म्हणून. दुखण्याआधी कलंकाचा विचार झाला आणि पुढची कित्येक शतकं या विषयाकडे त्याच नजरेने पाहिलं गेलं.

ही नजर बदलायला रसायनशास्त्र कामी आलं. 1929 मध्ये जर्मनीत अडोल्फ ब्युटेनांट आणि अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी इस्ट्रोन हे स्त्री-हार्मोन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. दोन वर्षांनी ब्युटेनांटने पुरुष-हार्मोनसाठी बर्लिनच्या पोलिसांचं सुमारे 15,000 लिटर मूत्र गोळा केलं. त्यातून अँड्रोस्टेरॉन मिळालं ते जेमतेम 15 मिलिग्रॅम. 1935 मध्ये बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हाती आलं. तोवर सगळे धरून चालले होते की एक हार्मोन बाईचं, दुसरं पुरुषाचं. पण 1934 मध्येच बर्नहार्ड झोंडेक याने दाखवून दिलं होतं की वळू घोड्याच्या मूत्रात इस्ट्रोजेन (इस्ट्रोन, इस्ट्रॅडिओल या स्त्री-हार्मोनांचं एकत्र नाव) प्रचंड प्रमाणात असतं. घोड्याच्या पौरुषाबद्दल कुणाला शंका नव्हती, त्यामुळे समजूतच बदलावी लागली. प्रत्येक पुरुषाच्या शरीरात दोन्ही हार्मोन असतात. अरोमाटेज नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिओल करतं आणि हे काम चरबीतही चालतं. म्हणून वजन वाढलं की इस्ट्रोजेनही वाढू शकतं. छातीची ग्रंथी दोघांमधल्या प्रमाणाला दाद देते. रिपोर्टमधला प्रत्येक आकडा एकेकटा ‘नॉर्मल’ असूनही छाती वाढलेली असू शकते, ती यामुळेच.

कारणं एकेक करून उलगडली. सिरोसिसशी, म्हणजे यकृत निबर होण्याच्या आजाराशी, या वाढीचं नातं 1920 च्या दशकातच इटलीत नोंदलं गेलं होतं. 1942 मध्ये बोस्टनला हॅरी क्लाइनफेल्टर, एडवर्ड रायफेनस्टाइन आणि फुलर अल्ब्राइट यांनी नऊ पुरुषांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांचे स्तन वाढलेले होते, वृषणं लहान होती आणि मूत्रात एफएसएच हे पिट्युटरीचं हार्मोन जास्त होतं. त्यामागचं मूळ समजायला आणखी 17 वर्षं लागली. 1959 मध्ये एडिनबरात पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांना अशा रुग्णाच्या पेशींत एक जादा एक्स गुणसूत्र दिसलं. साधारण 600 ते 700 पुरुषांमागे एकाला हे असतं, आणि पुष्कळांना ते आयुष्यभर कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने दाखवलेलं कारण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. जपानी छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांची हाडं वर आली होती. त्यांना पोटभर जेवण मिळू लागलं, वजन भरू लागलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या छातीत दुखऱ्या गाठी आल्या. उपासमारीत शरीर पिट्युटरी आणि वृषणांचं काम जवळजवळ थांबवतं. अन्न मिळताच ती पुन्हा जागी होतात, जणू त्या माणसाला दुसऱ्यांदा मिसरूड फुटतं. वयात येणाऱ्या मुलाच्या छातीत जे घडतं, तेच या तिशीतल्या सैनिकांना झालं होतं.

आपल्याकडे कुष्ठरोगाचा संबंध जवळचा. महाराष्ट्राने हा रोग फार सोसला. त्याचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात, त्यात वृषणंही येतात. वृषणांना इजा झाली की टेस्टोस्टेरॉन घटतं आणि छाती वाढते. आधीच वाळीत टाकलेल्या माणसावर हा आणखी एक घाव असे.

आजच्या रुग्णाला पहिला प्रश्न औषधांचा विचारावा लागतो. 1960 च्या सुमारास आलेलं स्पायरोनोलॅक्टोन पोटातलं पाणी उतरवायला, रक्तदाबाला, हृदयविकाराला देतात. ते टेस्टोस्टेरॉनची वाट अडवतं. सिरोसिसच्या रुग्णावर तर आजाराचा आणि या औषधाचा, असा दोन्हीकडून मार बसतो. जिममध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि केस गळू नयेत म्हणून घेतलेलं फिनॅस्टेराइड यांची नावं मुलं पटकन सांगत नाहीत. पण विचारलंच पाहिजे. एचसीजी वाढलेलं असेल तर वृषणाच्या गाठीची शंका येते, आणि तिथे दिरंगाई चालत नाही.

वयात येणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. 1961 मध्ये अमेरिकेत अठराशेहून अधिक बॉय स्काउट मुलांना तपासलं, तेव्हा सुमारे 39 टक्क्यांच्या छातीत ही चकती आढळली. म्हणजे वर्गात त्या मुलावर हसणाऱ्यांपैकीही कित्येकांना ती असू शकते. बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप विरते. जी विरत नाही ती कालांतराने तंतुमय, घट्ट होते. सुरुवातीच्या महिन्यांत टॅमॉक्सिफेनसारख्या, इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या गोळ्यांना ती दाद देऊ शकते, साधारण वर्षानंतर सहसा देत नाही. मग शस्त्रक्रिया उरते. 1946 मध्ये वेब्स्टर या शल्यविशारदाने त्यासाठीचा छेद स्तनाग्राभोवतालच्या काळसर वर्तुळातच घेतला. पॉलची चंद्रकोर कायम राहिली, फक्त इतकी लहान झाली की बनियन काढल्यावरही ती चटकन दिसत नाही.