बिडी-सिगारेट सोडण्याच्या गोळ्या: चौथ्या आठवड्यात थांबू नका

सिगारेट सोडायची गोळी मागायला आमच्या औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर नेहमी कुणी ना कुणी येतं. प्रश्न बहुतेक तेच असतात. चिठ्ठी कशाला लागते? एक पाकीट संपलं की झालं ना? उरलेल्या गोळ्या परत घ्याल का? मागे रांग असताना नीट सांगणं होत नाही, आणि चारचौघांत हा विषय बोलायला अनेकांना अवघड वाटतं. म्हणून हे पत्रक काढलं आहे. घरी न्या, सावकाश वाचा.

डॉक्टर यासाठी बहुतेकदा व्हॅरेनिक्लिन लिहून देतात, काहींना ब्युप्रोपिऑन. जास्त गोंधळ व्हॅरेनिक्लिनचा होतो, म्हणून आधी तिच्याबद्दल.

सुरुवात हलक्या पॉवरने असते. पहिले तीन दिवस अर्ध्या एमजीची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तीच सकाळ-संध्याकाळ, आणि आठव्या दिवसापासून एक एमजीची गोळी सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात सिगारेट चालू राहिली तरी घाबरू नका, कोर्सची रचनाच तशी आहे. सोडायचा दिवस आधी ठरवायचा आणि गोळी त्याच्या एक आठवडा आधी सुरू करायची. “आधी सिगारेट सोडतो, मग गोळी घेतो” असं म्हणून पाकीट कपाटात ठेवणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका. एका आठवड्यात सोडणं जमणार नसेल तर डॉक्टरांशी बोला, आठव्या ते पस्तिसाव्या दिवसाच्या दरम्यानची तारीखही धरता येते.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक काढलं, तिच्याकडे येतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तलफ उतरते. टपरीवरून जाताना हात खिशाकडे जात नाही, जेवणानंतरची सिगारेट आठवत नाही. घरचे खूश असतात. आणि माणूस ठरवतो की आपलं काम झालं, आता गोळीचा खर्च कशाला. गोळ्या बंद होतात. काही आठवड्यांनी एखाद्या लग्नात, मित्रांबरोबर एक ओढली जाते, मग रोज एक, आणि मग तेच काका जुनी चिठ्ठी घेऊन आमच्याकडे पहिलं पाकीट मागायला येतात. म्हणजे पुन्हा डॉक्टर, पुन्हा अर्ध्या एमजीपासून सुरुवात, पुन्हा तो अवघड पहिला आठवडा. पैशांपेक्षा मन जास्त खचतं. “मला गोळी लागू पडत नाही” असं म्हणणाऱ्यांना आम्ही किती दिवस घेतली ते विचारतो, तेव्हा बहुतेकांचा कोर्स महिन्याच्या आतच थांबलेला निघतो.

असं का होतं ते समजलं तर गोळी पूर्ण घ्यावीशी वाटेल. निकोटिन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं, त्याच जागी ही गोळी बसते. ती त्या जागेला थोडंसंच चेतवते, म्हणून तलफ शमते. आणि जागा अडवून ठेवते, म्हणून मध्ये सिगारेट ओढली तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत या जागांची संख्या वाढलेली असते. सिगारेट सुटल्यावर ती मूळ पातळीवर यायला साधारण दीड ते तीन महिने लागतात. चौथ्या आठवड्यात वाटणारा आराम बराचसा गोळीचा असतो, मेंदू अजून सावरत असतो. गोळीचा अंमलही फार दिवस टिकत नाही, साधारण एका दिवसात रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. तेव्हा बंद केल्यावर काही दिवसांतच ती जागा मोकळी होते आणि पुढच्या सिगारेटचा पूर्ण झटका मिळतो.

म्हणून कोर्स बारा आठवड्यांचा आहे. अर्ध्या एमजीच्या ११ आणि एक एमजीच्या १५४, एकूण १६५ गोळ्या. आकडा ऐकून लोक दचकतात, पण हाच पूर्ण कोर्स आहे. बारा आठवड्यांनी सिगारेट सुटलेली असेल, तर ती सुटलेलीच राहावी म्हणून डॉक्टर आणखी बारा आठवडे देऊ शकतात. मध्ये एखादी ओढली गेली तरी गोळी थांबवू नका. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

मळमळ ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि तिचं कारण बहुतेकदा रिकाम्या पोटी घेतलेली गोळी. पोटभर खाल्ल्यावर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. सकाळी नुसत्या चहावर नको. रात्री स्वप्नं फार पडत असतील, झोप मोडत असेल, तर संध्याकाळची गोळी थोडी लवकर घेता येईल का ते विचारा. यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी पहिले काही दिवस जपून राहावं, कुणाकुणाला गुंगी किंवा चक्कर येते. दारू नेहमीपेक्षा जास्त चढते, हेही ध्यानात ठेवा.

“डोक्यावर परिणाम होतो म्हणे?” ही भीती कुठून आली तेही सांगतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीवर मानसिक त्रासाबद्दल ठळक इशारा छापायला लावला होता. पुढे आठ हजारांहून अधिक लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यात असे गंभीर त्रास औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत, आणि २०१६ मध्ये तो ठळक इशारा काढला गेला. तरीही मन फार उदास झालं, चिडचिड हाताबाहेर गेली किंवा जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

चिठ्ठीबद्दल आमच्यावर राग धरू नका. स्ट्रिपवरची लाल रेघ पाहा. हे शेड्युल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही. शिवाय एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं असा नियम आहे; डॉक्टरांनी पुन्हा द्यावं असं लिहिलं असेल तरच पुन्हा देता येतं. म्हणून डॉक्टरांकडून पूर्ण बारा आठवड्यांचंच लिहून घ्या. मग तुम्ही दोन-दोन आठवड्यांचं नेऊ शकता, आम्ही प्रत्येक वेळी चिठ्ठीवर तारीख आणि शिक्का मारतो. चिठ्ठी मागण्यामागे नियमाइतकंच दुसरंही कारण आहे. किडनीचा गंभीर आजार असेल तर व्हॅरेनिक्लिनचा डोस कमी करावा लागतो. फिट येणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन चालतच नाही. ही पारख डॉक्टरांनी करायची, काउंटरवर ती होत नाही.

काही वहिनी हळूच विचारतात, “त्यांना न सांगता चहातून देता येईल का?” तुमचा जीव किती टांगणीला लागलेला असतो, ते आम्हाला दिसतं. पण हे आम्ही कधीच देणार नाही. मळमळ किंवा चक्कर आली तर त्यांना कारणच कळणार नाही, डॉक्टरांनाही ते सांगू शकणार नाहीत. ब्युप्रोपिऑनची गोळी तर दळून किंवा फोडून द्यायचीच नसते. औषध एकदम अंगात जाऊन फिट येऊ शकते. आणि सोडायची इच्छाच नसेल तर कोर्स पुरा होणार कसा? त्यापेक्षा त्यांना घेऊन या, किंवा १८००-११-२३५६ या केंद्र सरकारच्या मोफत क्रमांकावर आधी तुम्ही बोला. सिगारेटच्या पाकिटावरही तो छापलेला असतो.

सिगारेट सुटल्यावर बाकीच्या औषधांकडेही लक्ष द्या. धुरामुळे काही औषधं शरीरातून लवकर बाहेर पडत असतात. धूर बंद झाला की तीच मात्रा जास्त होते. दम्याचं थिओफायलिन, मानसिक आजाराचं क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल, तर सोडायची तारीख त्या डॉक्टरांना आधी कळवा. चहा-कॉफीचंही तसंच आहे. नेहमीच्या कपांनीच छाती धडधडायला लागली, तर कप कमी करा.

आपल्या सोलापुरात कितीतरी घरांची चूल बायकांनी वळलेल्या बिड्यांवर पेटते, त्या कष्टांचा आम्हाला आदर आहे. पण बिडी सिगारेटपेक्षा हलकी, हा समज खरा नाही. तंबाखू कमी असली तरी धुरातलं निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड कमी नसतं. बिडी ओढणाऱ्यांनीही हाच कोर्स पूर्ण घ्यायचा.

निकोटिनचा च्युइंगगम दोन एमजीचा असेल तर चिठ्ठीशिवाय मिळतो, चार एमजीला चिठ्ठी लागते. तो सतत चघळायचा नसतो. चव तिखट लागली की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. ई-सिगारेट मागू नका, तिच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे. जुनं चॅम्पिक्सचं (फायझर कंपनीच्या व्हॅरेनिक्लिनचं) पाकीट मागणाऱ्यांसाठी: त्यात नायट्रोसामीन जातीची अशुद्धी मर्यादेपेक्षा जास्त आढळल्यामुळे फायझरने २०२१ मध्ये त्याचं वितरण जगभर थांबवलं. आता भारतीय कंपन्यांच्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या मिळतात. डॉक्टरांनी लिहिलेली कंपनी आमच्याकडे नसेल तर परस्पर बदलून देत नाही, त्यांना फोन करून विचारतो.

आमच्याकडून पहिलं पाकीट नेणाऱ्याला आम्ही बारा आठवड्यांचा तक्ता भरून देतो, त्यात सोडायची तारीख आणि पुढच्या पाकिटाची तारीख असते. तुमची परवानगी असेल तर तिसऱ्या आठवड्यात एक फोनही करतो. त्याचं वेगळं शुल्क नाही. शहरात घरपोच देतो, पिशवीवर औषधाचं नाव लिहीत नाही. कापलेली स्ट्रिप परत घेत नाही, कारण ती दुकानाबाहेर कशी ठेवली गेली हे कळत नाही आणि दुसऱ्याला ती विकणं योग्य नाही. म्हणूनच दोन आठवड्यांपुरतंच न्या असं आम्ही सुचवतो. पहिल्या पाकिटाचा साठा कधी कधी संपतो. सोडायची तारीख ठरली की निदान चार दिवस आधी सांगून ठेवा, आम्ही तुमच्या नावाने मागवून ठेवू.