पायथनची फाइल थेट चालवणं आणि ‘-एम’ लावून चालवणं

‘दुकान’ या प्रोजेक्टमध्ये ‘बिल’ आणि ‘साठा’ असे दोन फोल्डर आहेत असं धरू. ‘बिल’मधल्या छपाई.पीवायला ‘साठा’मधलं ‘मोजणी’ मॉड्यूल (म्हणजे दुसऱ्या कोडला वापरता येणारी पायथन फाइल) हवंय. टर्मिनल ‘दुकान’मध्ये उघडलेलं आहे. ‘पायथन बिल/छपाई.पीवाय’ म्हटलं की ‘साठा’ मॉड्यूल सापडत नाही अशी एरर येते. ‘पायथन -एम बिल.छपाई’ म्हटलं की तोच कोड मुकाट चालतो.

इम्पोर्ट करताना पायथन ज्या फोल्डरांत शोधतो त्यांची यादी म्हणजे सिस.पाथ. सगळी मेख या यादीत पहिल्या जागी कोण बसतं यात आहे. फाइल थेट चालवली तर तिथे त्या फाइलचा फोल्डर बसतो, म्हणजे ‘बिल’. तुम्ही कमांड कुठून दिलीत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘-एम’ लावलं तर जिथून कमांड दिली तो फोल्डर बसतो, म्हणजे ‘दुकान’, आणि ‘साठा’ तिथून दिसतो. त्यामुळे ‘बिल’मध्ये शिरून ‘-एम’ दिलं तर पुन्हा बोंब. या कमांडमध्ये तिरकी रेघ नाही, टिंब द्यायचं, शेवटी ‘.पीवाय’ही लावायचं नाही.

टिंबाने सुरू होणाऱ्या रिलेटिव्ह इम्पोर्टची गोष्ट वेगळी. थेट चालवलेल्या फाइलला आपलं पॅकेजच (मॉड्यूल ठेवलेला फोल्डर) माहीत नसतं, म्हणून शेजारच्या कर.पीवायमधून ‘दर’ मागवणारं ‘फ्रॉम .कर इम्पोर्ट दर’ तिथे अडतं. सिस.पाथमध्ये कितीही फोल्डर कोंबा किंवा फोल्डरला पॅकेज ठरवणारी रिकामी इनिट फाइल ठेवा, ही एरर हटत नाही. ‘-एम’ने ती जाते. मात्र ‘फ्रॉम ..साठा’ तरीही चालत नाही, कारण इथे ‘बिल’ हेच सर्वांत वरचं पॅकेज आहे आणि त्याच्या वर जाता येत नाही. शेजारच्या फोल्डरसाठी सरळ ‘फ्रॉम साठा इम्पोर्ट मोजणी’ लिहावं.

व्हीएस कोड या एडिटरचं रन बटण फाइल थेट चालवतं, त्याच्या लाँच.जेसन या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘प्रोग्राम’ऐवजी ‘मॉड्यूल’ दिलं की ‘-एम’सारखं होतं. टेस्ट चालवणारं नुसतं ‘पायटेस्ट’ आणि ‘पायथन -एम पायटेस्ट’ यांतही हाच फरक: दुसऱ्यात चालू फोल्डर यादीत येतो.

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर सिस.पाथ.अपेंड (यादीत फोल्डर जोडणारी ओळ) चिकटवणं मात्र टाळाच. फोल्डर हलवला की ते मोडतं. प्रोजेक्ट टिकणार असेल तर पायप्रोजेक्ट.टॉमल ही प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल लिहून ‘पिप इन्स्टॉल -ई .’ करा, म्हणजे प्रोजेक्ट आहे तिथूनच इन्स्टॉल होतो. प्रोजेक्टच्या सर्वांत वरच्या पातळीवर दोन पॅकेजं दिसली की हे इन्स्टॉल बांधणारं सेटअपटूल्स आपण होऊन निवड करत नाही, त्यामुळे दोघांची नावं त्या फाइलमध्ये द्यावी लागतात. मग ‘साठा’ कुठूनही सापडतो. टिंबवाले इम्पोर्ट असलेली फाइल मात्र तेव्हाही ‘-एम’नेच चालवावी लागते.