काट्याचे जुने मल्टिमीटर : संग्रह आणि संशोधन (इंदूर)

विजेचा दाब, प्रवाह आणि रोध ही तिन्ही मापे एकाच पेटीत, तबकडीवर हलणाऱ्या काट्याने दाखवणारी जुनी यंत्रे जमवणे, त्यांचे वय व पूर्वेतिहास शोधणे आणि ती पुन्हा चालती करणे. आयटीआयच्या कार्यशाळेत आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत अशा कोणत्याही यंत्राला सर्रास ‘एव्होमीटर’ म्हणत. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले हे नाव मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या मालाचे.

कायमचुंबकाच्या पोकळीत टांगलेले बारीक तारेचे वेटोळे, त्याला रोखणाऱ्या केसासारख्या कमानी आणि वेटोळ्यावर बसवलेला काटा, एवढाच या यंत्राचा जीव. ब्रिटिश पोस्ट खात्यातला अभियंता डोनाल्ड मॅकाडी वेगवेगळ्या मापांसाठी वेगवेगळी यंत्रे वागवून कंटाळला आणि त्यातून पहिला एव्होमीटर तयार झाला. तो १९२३ मध्ये बाजारात आला. त्याच घराण्यातला ‘मॉडेल ८’ १९५१ पासून २००८ पर्यंत बनत राहिला. अमेरिकेचा सिम्पसन २६०, जपानचे सान्वा आणि आपल्याकडे नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मीटर हीसुद्धा संग्राहकांची आवडती नावे. नाशिकचा मीटर हाती आला, तर परदेशी नावासाठी तो बाजूला ठेवू नये.

संशोधनाचा खरा गाभा तबकडीच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यात आहे : ‘ओहम प्रति व्होल्ट’, म्हणजे निवडलेल्या पल्ल्याच्या दर व्होल्टमागे मीटरचा स्वतःचा रोध किती ते. पूर्ण काटा फिरवायला १ मिलिअँपिअर प्रवाह लागत असेल तर हा आकडा १,००० येतो. ५० मायक्रोअँपिअर पुरत असतील तर २०,०००. मीटर मोजताना मंडलातून थोडा प्रवाह स्वतः पितो, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. समजा, २०० व्होल्टवर १ मेगओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडले आहेत. मधल्या बिंदूवर १०० व्होल्ट असायला हवेत. २५० व्होल्टच्या पल्ल्यावर १,००० ओहमवाला मीटर तिथे जेमतेम ३३ दाखवतो, २०,००० ओहमवाला ९१ च्या आसपास, आणि १० मेगओहमचा आजचा डिजिटल मीटर ९५. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या नकाशात छापलेले दाब त्या काळच्या मीटरने घेतलेले असत. पुष्कळदा तळटिपेत मीटरची संवेदनशीलताही, म्हणजे हाच आकडा, दिलेली असते. ती न वाचता डिजिटल मीटर लावणारा चांगल्या रेडिओत बिघाड शोधत बसतो. जुना मीटर जपण्याचे एवढे एक कारणसुद्धा मला पुरेसे वाटते.

वय ठरवायला तबकडी आणि अनुक्रमांक उपयोगी पडतात. मॉडेल ८ च्या अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे महिना व वर्ष सांगतात : १०५६ म्हणजे ऑक्टोबर १९५६. घोड्याच्या नालेसारखे चिन्ह फिरत्या वेटोळ्याचे, तर ताऱ्यातला अंक कोणत्या दाबाला, किती किलोव्होल्टला, यंत्र तपासले ते सांगतो. काट्यामागची आरशाची पट्टी तिरके वाचन टाळण्यासाठी असते. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले की मगच आकडा घ्यायचा.

इंदुरात शोध बहुधा महाराणी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानांपासून सुरू होतो. पण खरी माहिती घरांत सापडते. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. मिलांच्या विद्युत खात्यांत राबलेली पिढी आता थकली आहे. राजेंद्रनगर किंवा रामबागेतल्या एखाद्या काकांच्या माळ्यावर मीटर निघाला, तर किंमत विचारण्याआधी ‘काका, हा कोणत्या खात्यातला? यानं काय काय मोजायचात?’ हे विचारून उत्तर तिथेच टिपून घ्यावे. मीटरची बनावट पुस्तकात मिळेल, हे उत्तर मिळणार नाही. पाठीवर ऑइलपेंटने घातलेला भांडार क्रमांक किंवा चामडी पेटीवर कोरलेले नाव पुसून यंत्र चकचकीत करणे हा माझ्या मते या छंदातला सर्वांत मोठा गुन्हा आहे.

दुरुस्ती सबुरीने करावी. विसरलेल्या सेलची गळती हा पहिला शत्रू. काटा अडखळत असेल तर चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस शिरलेला असू शकतो. तो चिकटपट्टीच्या टोकाने उचलावा, चुंबक मात्र सोडवू नये, कारण सुटला की त्याची ताकद घटते. मॉडेल ८ ला लागणारी १५ व्होल्टची बॅटरी सहसा मिळत नाही; पाच ३ व्होल्टचे बटणसेल एकापुढे एक जोडून काम भागते. रोध मोजताना बहुतेक काट्याच्या मीटरांत काळ्या वायरीवर धन टोक येते, हे डायोड तपासताना ध्यानात ठेवावे. वायरींचे आवरण तडकलेले असेल तर त्या बदलाव्यात. चालू झालेला जुना मीटर रेडिओच्या टेबलावर वापरावा. थ्री-फेजच्या पॅनेलवर तो कधीही लावू नये, कारण तिथल्या दाबाचे उसळते झटके सोसण्यासाठी त्याची रचना आजच्या सुरक्षा-मानकांप्रमाणे केलेली नसते.