राशीचं कार्ड शोधण्याआधी

टॅरोची कार्डं (चित्रांचे पत्ते, ज्यांच्या आधाराने आम्ही तुमच्या प्रश्नावर बोलतो) पिसून मांडलेली असतात, पहिलं उलटायला हात पुढे गेलेला असतो आणि समोरून प्रश्न येतो, “ताई, माझी रास वृश्चिक. म्हणजे ते मरणाचं कार्ड माझंच ना?” मोबाइलवर राशी आणि कार्डांचा एखादा तक्ता पाहिलेला असतो, रात्रभर झोप लागलेली नसते. मग चाळीस मिनिटांतली पंधरा-वीस मिनिटं रास, जन्मलग्न आणि साडेसाती यांतच जातात. ज्या प्रश्नासाठी पाथर्डी फाट्यावरून रिक्षा करून आलात तो तसाच राहतो, आणि बाहेर बाकावर पुढचे ग्राहक घड्याळ बघत बसलेले. म्हणून हे पत्रक आम्ही वेळ ठरवतानाच हातात देतो. येण्याआधी एकदा वाचा, तुमचेच पैसे वाचतील.

पहिली गोष्ट, तो तक्ता बहुधा खोटा नसतो. लंडनमध्ये १८८८ साली गोल्डन डॉन नावाचं गूढविद्येचं मंडळ निघालं. टॅरोच्या ७८ कार्डांना (२२ मोठी; बाकीची छोटी, चार गटांत: वाँड्स म्हणजे दंड, कप्स पेले, स्वॉर्ड्स तलवारी, पेंटॅकल्स नाणी) राशी, ग्रह आणि तत्त्वं त्यांनी वाटून दिली, आणि तीच वाटणी आज बहुतेक जण वापरतात. त्याच मंडळातले आर्थर वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांचा डेक, म्हणजे कार्डांचा संच, १९०९ मध्ये आला. आमच्या टेबलावर असतो तो हाच. या वाटणीत मेषेला एम्परर, म्हणजे सम्राट, मिळाला (त्याच्या सिंहासनावर मेंढ्याची डोकी कोरलेली आहेत, बघा), वृषभेला हायरोफंट (धर्मगुरू), तुळेला जस्टिस (न्याय) आणि वृश्चिकेला डेथ, तेच मरणाचं कार्ड.

घोळ होतो तो ‘माझी रास’ या दोन शब्दांत. आपण मराठी माणसं रास म्हणतो ती चंद्राची. जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत, ती आपली रास. ती काढतात निरयन पद्धतीने, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने. टॅरोच्या पुस्तकांत छापलेल्या तारखा सूर्याच्या असतात, आणि त्या सायन, म्हणजे वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होते तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून) मोजलेल्या. दोन मोजण्यांत आज सुमारे २४ अंशांचा फरक आहे. आपली मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. सायन हिशेबात सूर्य २१-२२ डिसेंबरलाच मकरेत गेलेला असतो.

नाशिककरांना हे समजवायला मी सिंहस्थाचं उदाहरण देते. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे कुंभमेळा. २०१५ साली २९ ऑगस्टला रामकुंडावर पहिलं शाहीस्नान झालं, तेव्हा आपल्या पंचांगात गुरू सिंहेतच होता. सायन पंचांगात मात्र तो ११ ऑगस्टलाच कन्येत सरकला होता. म्हणून काही कोणाचं स्नान वाया गेलं नाही. मोजपट्ट्या दोन होत्या, इतकंच. आणि गंमत म्हणजे सिंहेतल्या गुरूला टॅरोत जे कार्ड दिलंय ते सिक्स ऑफ वाँड्स. घोड्यावर बसलेला, डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला स्वार आणि बरोबर दंड उंचावून चालणारी माणसं. आखाड्यांची मिरवणूक ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

आता एका ताईंची गोष्ट. जन्म ५ नोव्हेंबरचा, पत्रिकेत रास वृषभ. चंद्ररास धरली तर त्यांचं कार्ड हायरोफंट. निरयन सूर्य तुळेत, म्हणून जस्टिस. सायन सूर्य वृश्चिकेत, म्हणून डेथ. तीन तक्ते, तीन कार्डं, आणि ताई तिन्ही स्क्रीनशॉट घेऊन आल्या होत्या. आम्ही टॅरोपुरता सायन सूर्य धरतो, कारण कार्डांची मांडणी आज त्याच तारखांनी चालते. पण तिथेही आम्ही डेथवर थांबत नाही. प्रत्येक राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग पडतात आणि प्रत्येक भागाला दोन ते दहा आकड्यांतलं एक छोटं कार्ड असतं. ५ नोव्हेंबर पडते वृश्चिकेच्या मधल्या भागात. ते कार्ड सिक्स ऑफ कप्स: जुन्या वाड्याच्या अंगणात एक मुलगा छोट्या मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय. ताईंचा प्रश्न होता माहेरच्या घराच्या वाटणीचा. त्या चित्राकडे बराच वेळ बघत बसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. त्यावर बोलायला आमच्याकडे उरली होती जेमतेम अकरा मिनिटं.

तेव्हा येताना जन्मतारीख तेवढी सांगा. जन्मवेळ नको, पत्रिका घरीच राहू द्या. “म्हणजे तुम्हाला ज्योतिष येत नाही का?” असं काही जण तोंडावर विचारतात. थोडंफार येतं, पण या टेबलावर ते काम आम्ही करत नाही. पत्रिका बघायला नाशकात जाणकार गुरुजी कमी नाहीत, आणि शांती करायची तर त्र्यंबकेश्वर तासाभरावर आहे. आम्ही शांती सुचवत नाही, खडे विकत नाही आणि अमुक तारखेला अमुक होईल असंही सांगत नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी आमच्याकडे वेळ न घेतलेली बरी.

ग्रहांची कार्डंही अशीच उगाच घाबरवतात. शनीला दिलेलं कार्ड आहे वर्ल्ड, २१ क्रमांकाचं, हाती घेतलेलं काम पूर्ण झाल्याचं. ते आलं म्हणजे साडेसाती सुरू झाली असं नव्हे. टॉवर (वीज पडलेला मनोरा) मंगळाचं आहे खरं, पण पत्रिकेतल्या मंगळाशी आणि ठरत आलेल्या लग्नाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मग आपल्याला घरबसल्या येणारं असं काही आहे का? आहे. तत्त्वं. मेष, सिंह, धनू अग्नीच्या. वृषभ, कन्या, मकर पृथ्वीच्या. मिथुन, तूळ, कुंभ वायूच्या आणि कर्क, वृश्चिक, मीन जलाच्या, हे आपल्याकडेही तसंच आणि तिकडेही तसंच. वाँड्स म्हणजे अग्नी, कप्स जल, स्वॉर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी. (वाँड्स आणि स्वॉर्ड्सची अदलाबदल करणारे काही डेक आहेत. घेताना विचारा, आम्ही सांगू.) हे पाठ करायची गरज नाही, चित्रातच लिहिलंय. वाँड्सच्या राजाच्या अंगावर सॅलॅमँडर, म्हणजे जुन्या युरोपी समजुतीतला आगीत राहणारा प्राणी. कप्सच्या राजाच्या गळ्यात मासा. स्वॉर्ड्सच्या राणीच्या मुकुटात फुलपाखरं. आणि पेंटॅकल्सच्या राजाच्या सिंहासनावर बैलाची डोकी, अंगरख्यावर द्राक्षांचे घड. हा राजा मला नेहमी पिंपळगावच्या मार्केटातून नुकताच आल्यासारखा वाटतो.

पाचवं आकाशतत्त्व कुठे गेलं, हा प्रश्न फक्त आपल्याकडेच येतो. २२ मोठ्या कार्डांना आकाश मानणारे बरेच जण आहेत. मला ते पटतं.

तत्त्वांचा खरा उपयोग कार्डं शेजारी-शेजारी पडली की होतो. अग्नी आणि जल एकमेकांना विझवतात, वायू आणि पृथ्वीचंही पटत नाही. सारखी तत्त्वं एकमेकांना जोर देतात आणि बाकीच्या जोड्या जमवून घेतात. निफाडकडचे एक बागायतदार काका आले होते, द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या तोंडावर, भागीदारीतल्या बागेचा प्रश्न घेऊन. मधोमध आलं नाइन ऑफ पेंटॅकल्स. द्राक्षवेलींत उभी श्रीमंत बाई, हातावर ससाणा, पायाशी एक गोगलगाय. काका खूश, उठायलाच निघाले. पण त्याच्या एका बाजूला टू ऑफ स्वॉर्ड्स, डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, आणि दुसऱ्या बाजूला सेव्हन ऑफ स्वॉर्ड्स, तलवारी उचलून पळणारा माणूस. दोन्हीकडून वायू, मध्ये एकटी पृथ्वी. चांगलं कार्ड, पण अंगात जोर नाही. स्वॉर्ड्स म्हणजे शब्द, कागद, निर्णय. मी एवढंच विचारलं, “काका, कागद झालेत का?” सगळा व्यवहार तोंडी होता. राशीचं कार्ड शोधत बसलो असतो तर हा प्रश्न निघालाच नसता.

डेक विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आठ नंबरवर स्ट्रेंग्थ (बळ, सिंहेचं कार्ड) आणि अकरावर जस्टिस दिसलं की छपाईची चूक समजून डेक परत आणू नका. जुन्या फ्रेंच डेकमध्ये हे आकडे उलटे होते. गोल्डन डॉनने ते बदलले, कारण राशींच्या क्रमात सिंह आधी आणि तूळ नंतर. या एका कारणासाठी गेल्या वर्षी इतके डेक परत आले की आता पाकीट उघडलं की डेक परत घेत नाही. आणि द फूल म्हणजे आपलं फूल नव्हे, खुळा. त्याच्या हातात पांढरा गुलाब आहे हा निव्वळ योगायोग, पण त्यावरून एक आजोबा आमच्याशी भांडून गेलेत.

डेकबरोबर मराठीत छापलेला तत्त्व-रास तक्ता मोफत देतो, सायन तारखांसकट. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तीन तासांचा तत्त्वांचा वर्ग असतो. आठच जण घेतो, कारण टेबल तेवढंच आहे. स्वतःचा डेक आणा, नसला तर त्या दिवसापुरता आमचा वापरा. वर्गाला येणाऱ्यांनीही पत्रिका आणू नये.