धाप लागणे

धाप लागणे म्हणजे श्वास पुरत नाहीये, आत ओढायला जोर लावावा लागतोय किंवा घेतलेली हवा कमीच पडतेय अशी जाणीव होणं. कोणी याला दम लागणं म्हणतं, कोणी हाफ लागणं, कोणी छाती भरून येणं. हा स्वतः आजार नाही, लक्षण आहे, आणि ते दरवेळी फुफ्फुसातूनच येतं असंही नाही. हृदय कमजोर झालं, अंगात रक्त कमी असलं, वजन वाढलं किंवा नुसती जबरदस्त भीती वाटली तरी धाप लागते. जिना पळत चढून लोकल पकडली की लागते ती धाप नॉर्मल, दोन स्टेशनं जाईपर्यंत बसते, तिच्यासाठी ही नोंद नाही.

धाप सावकाश वाढत असेल तर ती माणसाला कळतच नाही, कारण माणूस नकळत धाप टाळायला शिकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीला खालीच बोलवायचं, भाजीची पिशवी पोराच्या हातात द्यायची, पर्वतीला गेलं तरी पायथ्याशीच बसून राहायचं, आणि कोणी विचारलं की 'छे, मला कुठे धाप लागते', आणि ते खोटंही नसतं, कारण धाप लागेल असं काही करणंच बंद झालेलं असतं. वर 'आता वय झालं' हे उत्तर तयार असतंच. म्हणून 'धाप लागते का' असं विचारण्यापेक्षा 'गेल्या दिवाळीला जे जमत होतं ते आता जमतं का' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. हे मोजायला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलची एक जुनी पट्टी डॉक्टर अजून वापरतात, शून्य ते चार अशी. फक्त जोराच्या व्यायामाला धाप म्हणजे शून्य, घाईने चालताना किंवा चढावर लागली तर एक, सपाट रस्त्यावर बरोबरीच्या लोकांच्या मागे पडायला लागलो तर दोन, शंभरेक मीटरवर थांबावं लागलं तर तीन, आणि कपडे बदलतानाही धाप लागते, घराबाहेर पडणंच होत नाही, ही चार. दोनवर असताना जो माणूस डॉक्टरकडे जातो त्याच्यासाठी बरंच काही करता येतं, पण आपल्याकडे लोक तीन ओलांडून गेल्यावर जातात.

दम आणि दमा

या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे पण दुसऱ्याची भीती केवढी. लहान मुलीला दमा आहे म्हटलं की घरात पहिला विचार लग्नाचा येतो, त्यामुळे कागदावर 'अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कायटिस', 'बाळदमा', 'छाती नाजूक आहे' अशी सौम्य नावं फिरत राहतात आणि ट्रीटमेंट अर्धवट होते. दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात आणि काहीतरी निमित्त झालं की आकसतात. धूळ, थंड हवा, सर्दी, भिंतीची पावसाळी ओल, अगरबत्ती, दिवाळीचे फटाके, काहीही निमित्त चालतं. दम्याची ओळख म्हणजे तो येतो-जातो, दुपारी माणूस ठणठणीत आणि पहाटे तीनला उठून बसलेला, छातीत शिट्टीसारखी घरघर. काहींना घरघर नसतेच, फक्त रात्रीची कोरडी ढास असते, हेही दम्याचंच रूप असू शकतं.

औषध नळीपर्यंत पोचवायचा सगळ्यात साधा रस्ता म्हणजे पंप (इनहेलर), आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज. 'एकदा पंप लागला की सवय लागते' हे वाक्य प्रत्येक बिल्डिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच. हिशोब बघा, नळी मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची येते आणि पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांचं औषध, ते पण पोटातून सगळ्या अंगात फिरून हात थरथरवत जाणार. तरी लोकांना गोळी 'साधी' आणि पंप 'स्ट्राँग' वाटतो. पंप दोन प्रकारचे असतात, एक लगेच नळी मोकळी करणारा आणि दुसरा सूज कमी ठेवणारा, स्टेरॉइडचा, जो बरं वाटत असतानाही रोज घ्यायला सांगतात. लोक नेमका दुसरा बंद करतात आणि पहिल्यावर दिवस काढतात. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की मोठ्या माणसांचा आणि बारा वर्षांपुढच्या मुलांचा दमा नुसत्या पहिल्या प्रकारच्या पंपावर ठेवू नये. हा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा कंट्रोलमध्ये नाही असं समजायचं आणि अपॉइंटमेंट घ्यायची.

कोजागिरीला रात्रभर जागून चांदण्यातल्या खिरीतून दम्याचं औषध घेणारे आपल्याकडे खूप आहेत, जूनमध्ये मृगाच्या सुमाराला हैदराबादला जाऊन जिवंत माशाच्या तोंडातलं औषध गिळून येणारेही आहेत. त्याने दमा जातो असा पुरावा नाही. ज्याला जायचं तो जाणारच, पण तिकडून आल्यावर 'आता पंप सोडा' असं कोणी सांगितलं तर ते ऐकायचं नाही, खरा धोका तिथे आहे.

बिडी, चूल आणि कॉइल

सीओपीडी (श्वासनळ्यांचा आणि फुफ्फुसांचा कायमचा आजार) हा दम्याचा भाऊ वाटतो पण स्वभाव वेगळा, हा येतो-जातो नाही, येतो आणि राहतो. नळ्या कायमच्या अरुंद होतात आणि फुफ्फुसातले हवेचे फुगे फाटतात. बिडी-सिगारेट हे कारण सगळ्यांना माहीत आहे, पण आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या आजीला सीओपीडी निघाला की घरचे चक्रावतात. तिने चाळीस वर्षं लाकूड, गोवऱ्या, तुराट्या घालून चूल फुंकलेली असते, खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात, दिवसातून दोनदा. मच्छरची कॉइलही निरुपद्रवी नाही. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल जळून निघणारे पीएम २.५ (फुफ्फुसात खोल जाणारे बारीक) कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे निघाले होते, आणि आपण ती खोली बंद करून उशाशी लावतो.

इथे एक्स-रे फसवतो. सुरुवातीच्या सीओपीडीत एक्स-रे अगदी क्लिअर येऊ शकतो, मग 'काही नाही निघालं' म्हणून माणूस परत बिडी पेटवायला मोकळा. खरी टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री, मशीनच्या नळीत पूर्ण जोर लावून फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजतात, दुखत नाही, सुई नाही. गेलेली फुफ्फुसं परत येत नाहीत, पण बिडी सुटली की घसरण मंदावते, साठीत सोडली तरी. सोडायला मदत लागली तर सरकारी टोल फ्री नंबर आहे, १८००-११-२३५६.

गिरणीतला सोमवार

धंद्यातून येणारी धाप हा मोठा विषय आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये (कापूस मोकळा करून पिंजायच्या खात्यांत) काम करणाऱ्यांना कापसाच्या तुसाने बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार व्हायचा, त्याची खूण म्हणजे रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळायची आणि आठवडा सरकला की हलकी व्हायची, वर्षं गेली की मग सगळेच वार सोमवार. दगडखाणीत आणि क्रशरवर सिलिकाच्या, म्हणजे दगडातल्या बारीक धुळीने फुफ्फुसाचा सिलिकोसिस होतो, तो टीबीला आमंत्रणच देतो, आणि बऱ्याचदा नुसता टीबी समजून औषधं चालू राहतात. अशा कुठल्याही धापेत डॉक्टरला 'काय काम करता' हे त्यांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगावं, रिटायर होऊन वीस वर्षं झाली असली तरी.

कबुतरं हा मुंबईचा ताजा वाद. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने महापालिकेला कबुतरखाने बंद करायला सांगितलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि मग आंदोलनं झाली. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तर आजार खरा आहे. कबुतराच्या विष्ठेतले आणि पिसांतले कण रोज श्वासात जाऊन काही लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (अ‍ॅलर्जीसारखी फुफ्फुसाची सूज) होतो, सगळ्यांना नाही. महिनोन् महिने कोरडा खोकला, जिन्यावर वाढत जाणारी धाप, वजन कमी. वेळेत कबुतरांपासून लांब झालं तर बरंच सुधारतं, उशीर झाला तर फुफ्फुसात कायमचे व्रण राहतात. एसीच्या डक्टवर घरटं असेल तर ते काढणं हा ट्रीटमेंटचा भाग आहे.

खोकला किती दिवस चालवून घ्यायचा

व्हायरल सर्दी-तापानंतरचा खोकला तीन-चार आठवडे रेंगाळू शकतो, त्यात घाबरण्यासारखं नसतंही. पण आपल्या देशात नियम साधा ठेवलाय, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला की बेडका तपासायचा. बरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल तर अजिबात थांबायचं नाही, आणि बेडक्यात रक्त दिसलं तर दोन आठवडेही मोजत बसायचे नाहीत. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी निक्षय पोषण या सरकारी योजनेचे पैसे खात्यात येतात, आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. मेडिकलवाल्याकडून बाटलीवर बाटली कफ सिरप आणि मधेच एखादी 'स्ट्राँग' अँटिबायोटिक घेणं सगळ्यात वाईट, कारण लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळीने टीबी थोडे दिवस दबतो, बरं वाटतं, आणि निदान लांबतं.

सगळे खोकले छातीचे नसतात. ब्लड प्रेशरची रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर त्यानेच कोरडा खोकला येऊ शकतो, गोळी बदलली की जातो (स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरला सांगायचं). आडवं झाल्यावर अ‍ॅसिड वर येऊनही खोकला येतो. आणि आडवं झाल्यावर धाप लागते, दोनाच्या तीन उश्या झाल्या, पावलांना सूज आहे, तर फुफ्फुसाआधी हृदय तपासायचं.

लहान मुलांचं वेगळं

बाळाला धाप लागते हे बाळ सांगत नाही, ते बघावं लागतं. अंगातलं झबलं वर करून पोट आणि छाती उघडी करायची, बाळ रडत किंवा दूध पीत नसताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे निमोनियाचं लक्षण धरतात. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हत असेल, तर आकडा न मोजता निघायचं.

या मोजणीचा मराठी मुलखाशी जवळचा संबंध आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकाच्या शेवटी गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना निमोनिया ओळखून तोंडावाटे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. बऱ्याच दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, मग वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं यंत्र केलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर निमोनिया. १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे काम छापून आलं, त्या गावांत निमोनियाने होणारे बालमृत्यू बाजूच्या गावांच्या निम्म्यावर आले होते. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, नुसती मोजणी. आज आपल्या खिशात मोबाईलचं स्टॉपवॉच आहे आणि आपण 'कफ झालाय' म्हणून छातीवर बाम चोळत बसतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तो बाम लावूच नये, आणि उकळत्या पाण्याच्या वाफेने दमा-निमोनिया बरा होत नाही, भांडं कलंडून पोरं भाजतात तेवढं होतं.

अजून एक, खेळता खेळता किंवा खाताना अचानक जोराचा ठसका लागला आणि त्यानंतर घरघर सुरू झाली तर ती सर्दी समजू नका, शेंगदाणा, हरभऱ्याची डाळ, पेनच्या टोपणाचा तुकडा श्वासनळीत गेलेला असू शकतो. ठसका थांबून मूल शांत झालं तरी वस्तू आतच असू शकते, मग ती दुर्बिणीने काढावी लागते.

ऑक्सिमीटर आणि लगेच निघायची वेळ

कोविडने घराघरात बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आणून ठेवला, सहा मिनिटं चालून परत मोजायचं हेही लोक शिकले. निरोगी माणसाचा आकडा ९५ च्या वर असतो. ९२ च्या खाली गेला की हॉस्पिटल, जुन्या सीओपीडीवाल्याचा आकडा मुळातच कमी असू शकतो त्याची लाईन डॉक्टर ठरवून देतात. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. आणि आकडा ९७ आहे पण माणूस धापा टाकतोय तर माणसाकडे बघायचं, मशीनकडे नाही.

एक वाक्य एका दमात पूर्ण होत नाही, ओठ किंवा नखं निळसर-करडी झालीत, श्वासाबरोबर मानेचे स्नायू ओढले जातायत, माणूस गुंगीत जातोय किंवा असंबद्ध बोलतोय, धापेबरोबर छातीत दाबल्यासारखं दुखतंय, तर १०८ ला फोन, सकाळची वाट बघणं नाही. ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर एका पायाची पोटरी सुजली आणि अचानक धाप लागली तर रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. उंच, सडपातळ तरुण पोराला एका बाजूला कळ येऊन एकदम दम लागला तर फुफ्फुसाबाहेर हवा शिरलेली असू शकते, तो गॅसेस म्हणून घरी बसतो.

दम्याच्या अटॅकमध्ये एक गोष्ट हमखास फसवते. घरघर कमी झाली म्हणजे आराम पडला असं वाटतं, पण माणूस थकत चाललाय आणि घरघर गेली तर हवाच आत जात नाहीये, आवाज यायला तरी कुठून. अँब्युलन्स येईपर्यंत त्याला झोपवायचं नाही, सरळ बसवायचं, गर्दी हटवायची, लगेच आराम देणारा पंप स्पेसर (पंप आणि तोंडाच्या मधली प्लास्टिकची नळी) लावून एकेक दाब असा अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने दहा दाबांपर्यंत द्यायचा.

डॉक्टरकडे जाताना जुने एक्स-रे, रिपोर्ट घ्यायचेच, पण पंपसुद्धा पिशवीत टाकायचा आणि 'ओढून दाखवू का' म्हणून आपणच विचारायचं. दाब एकीकडे आणि श्वास दुसरीकडे, औषध सगळं जिभेवर, असं वर्षानुवर्षं करणारे लोक आहेत, आणि त्यांच्या फायलीत लिहिलेलं असतं की पंपाचा उपयोग झाला नाही.